झाकली मूठ आणि राजाचे मुखत्यार

२७ मे २०२५ रोजी ओटावात सेनेटच्या सभागृहात राजे चार्ल्स तिसरे सिंहासनावर बसले आणि त्यांनी कॅनडाच्या नव्या संसदेपुढे अभिभाषण वाचलं. राजाने किंवा राणीने कॅनडात हे भाषण स्वतः वाचण्याची ही तिसरीच खेप. आधी १९५७ आणि १९७७ साली एलिझाबेथ राणी येऊन गेल्या होत्या. भाषणातली धोरणं, म्हणजे करकपात, घरबांधणी, संरक्षणावरचा वाढीव खर्च, ही महिनाभरापूर्वी निवडून आलेल्या मार्क कार्नी यांच्या सरकारची होती. राजांनी ती वाचून दाखवली, एवढंच. पण शेजारच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष कॅनडाला 'एक्कावन्नावं राज्य' म्हणून डिवचत असताना राजा स्वतः येऊन त्या खुर्चीत बसतो याला अर्थ होता, आणि तो कोणाला समजावून सांगावा लागला नाही. मुक्काम दोन दिवसांचा. मग राजे परत गेले आणि कॅनडातलं राजाचं काम पुन्हा गव्हर्नर जनरल मेरी सायमन यांच्याकडे आलं.

ब्रिटन धरून आज १५ देशांचा राजा एकच आहे. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी 'राजा हवा की नको' हा वाद अधूनमधून पेटतो, वर्तमानपत्रांत आठवडाभर गाजतो आणि विझतो. माझ्या मते तो वाद चुकीच्या माणसाभोवती फिरतो. लंडनचा राजा कॅनडाच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या राजकारणात काही करत नाही. जे होतं ते त्याच्या मुखत्याराच्या, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या, हातून होतं. त्या मुखत्याराला नेमतं कोण, काढतं कोण, आणि पेचाच्या दिवशी घेतलेल्या निर्णयाची कारणं तो कोणाला दाखवतो, या तीन प्रश्नांची उत्तरं धड नसतील तर राजा ठेवा नाहीतर घालवा, दुखणं जागच्या जागी राहतं.

मराठी वाचकाला गादी एकीकडे आणि कारभार दुसरीकडे हा प्रकार नवा नाही. १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यानंतर सत्ता पुण्यात आणि छत्रपती साताऱ्यात अशी स्थिती झाली, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या गादीकडूनच घ्यावी लागत. साताऱ्याला नकार देण्याची ताकद उरली नव्हती, पण वस्त्रांवाचून पेशव्याला मान्यता नव्हती. फरक आहे तो पुढे. पेशवा कुठल्या सभागृहाला उत्तर देणं लागत नव्हता. संसदीय राजेशाहीत वस्त्रं मिळतात ती कनिष्ठ सभागृहाचा विश्वास असलेल्याला, आणि विश्वास गेला की उतरवावी लागतात. सगळा घोळ होतो तो विश्वास आहे की गेला हे ठरण्याआधीच्या काही दिवसांत.

कागदावर पाहिलं तर कॅनडात राजाच सर्वेसर्वा वाटेल. १८६७ च्या घटना-कायद्याचं ९ वं कलम सगळी कार्यकारी सत्ता राणीच्या ठायी असल्याचं सांगतं. १७ व्या कलमानुसार संसद म्हणजे राणी, सेनेट (वरिष्ठ सभागृह) आणि हाउस ऑफ कॉमन्स (कनिष्ठ सभागृह). त्या कायद्यात 'पंतप्रधान' हा शब्दच नाही. १९४७ साली सहाव्या जॉर्जनी काढलेल्या सनदेने राजाचे कॅनडासंबंधीचे अधिकार वापरण्याची मुभा गव्हर्नर जनरलला दिली. गव्हर्नर जनरल तेवढा अजूनही पंतप्रधानाच्या शिफारशीवरून राजा नेमतो. दहा प्रांतांत लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे प्रांतापुरते राजाचे मुखत्यार, असतात. त्यांची नेमणूक मात्र प्रांताचं सरकार करत नाही, ओटावाचं मंत्रिमंडळ करतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याकडे येताना लागणार आहे.

रोजचं काम कंटाळवाणं आहे, आणि ते तसंच असायला हवं. मंत्रिमंडळाचा निर्णय प्रिव्ही कौन्सिलच्या कार्यालयातून, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सचिवालयातून, मसुदा होऊन येतो, गव्हर्नर जनरलची सही होते, तो आदेश ठरतो. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राजसंमतीशिवाय कायदा होत नाही. पूर्वी यासाठी प्रत्येक वेळी समारंभ लागे: सेनेटचा दंडधारी कॉमन्सच्या दारावर तीनदा ठोकणार, सदस्य मिरवत सेनेटच्या दाराशी येऊन उभे राहणार, कारकून विधेयकांची नावं वाचणार. २००२ च्या कायद्याने लेखी संमती चालू केली. आता समारंभ वर्षातून किमान दोनदा, आणि अधिवेशनातल्या पहिल्या खर्च-विधेयकासाठी करायचा, एवढीच अट उरली. बाकी संमत्या कागदावर होतात, आणि सही बऱ्याचदा गव्हर्नर जनरलऐवजी त्यांनी नेमलेला सर्वोच्च न्यायालयाचा एखादा न्यायाधीश करतो. निवडणूक लावायची तर तीन उद्घोषणा निघतात: एक संसद बरखास्त करणारी, एक नवी संसद कधी भरेल ते सांगणारी, एक निवडणुकीचे हुकूम सोडणारी. शिक्के, सह्या, राजपत्र. या सगळ्यात गव्हर्नर जनरलचं मत कोणी विचारत नाही.

मग या पदाचा उपयोग काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे याचं खरं उत्तर. पंतप्रधानाच्या हातात सरकार असतं, पण सरकारची मालकी नसते. सैनिक, न्यायाधीश, अधिकारी शपथ घेतात ती राजाची. पंतप्रधानाची शपथ कोणी घेत नाही. मूठ उघडायची वेळ फार क्वचित येते: त्रिशंकू सभागृहात कोणाला बोलवायचं, हरलेला किंवा हरायला आलेला पंतप्रधान 'सभागृह बरखास्त करा' म्हणाला तर काय करायचं, आणि विश्वासाचा ठराव टाळायला तो 'अधिवेशन संस्थगित करा', म्हणजे संसद काही काळ बंद ठेवा, म्हणाला तर काय. चौथा प्रसंग सगळ्यात दुर्मीळ आणि सगळ्यात घातक: पंतप्रधानाला काढून टाकणं.

कॅनडात यातले पहिले तीनही घडून गेलेत.

१९२५ च्या निवडणुकीत काँझर्व्हेटिव्हांना जास्त जागा मिळाल्या, तरी मॅकेन्झी किंग हे लिबरल पंतप्रधान प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या टेकूवर खुर्चीत राहिले. जून १९२६ मध्ये सीमाशुल्क खात्यातल्या घोटाळ्यावर सभागृहात निंदेचा ठराव येऊ घातला. तो मतदानाला येण्याआधीच किंग यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांच्याकडे संसद बरखास्त करण्याची मागणी केली. बिंग यांनी नकार दिला. हिशोब साधा होता: निवडणुकीला वर्षही झालेलं नाही, दुसरा पक्ष मोठा आहे, त्याला आजमावून पाहू. काँझर्व्हेटिव्हांचे आर्थर मीघन पंतप्रधान झाले आणि काही दिवसांत एका मताने हरले. मग मीघन यांनी बरखास्ती मागितली, ती बिंग यांना द्यावी लागली. सप्टेंबरच्या निवडणुकीत किंग यांनी 'लंडनहून आलेला लॉर्ड आमच्या पंतप्रधानाला नाही म्हणतो' हा मुद्दा करून बाजी मारली. घटनेच्या जाणकारांपैकी बरेच आजही बिंग यांना बरोबर ठरवतात. मतदाराच्या मनात राहिलं ते मात्र उलटं, आणि पुढच्या प्रत्येक गव्हर्नर जनरलने धडा घेतला की नाही म्हणू नये.

२००८ मध्ये त्या धड्याचे परिणाम दिसले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत ३०८ पैकी १४३ जागा मिळवून स्टीफन हार्पर यांचं अल्पमतातलं सरकार आलं. १ डिसेंबरला लिबरल (७७) आणि एनडीपी, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी (३७), यांनी आघाडीचा करार केला, क्वेबेकच्या 'ब्लॉक' पक्षाने (४९) पाठिंबा लिहून दिला. बेरीज १६३, म्हणजे बहुमताहून जास्त. अविश्वासाचं मतदान ८ डिसेंबरला ठरलेलं. ४ डिसेंबरला हार्पर गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांच्याकडे गेले. त्या परदेश दौरा अर्धा टाकून परतल्या होत्या. दोन तासांहून अधिक वेळ आत बोलणं झालं आणि हार्पर संसद संस्थगित झाल्याचं जाहीर करत बाहेर आले. पुन्हा भरायची ती २६ जानेवारीला. तोवर लिबरल पक्षाचा नेता बदलला, आघाडी विरली, सरकार वाचलं. निवडून आलेल्या सभागृहाचं मत चार दिवसांवर आलेलं असताना ते सात आठवडे पुढे ढकलू देणं योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी चांगले युक्तिवाद आहेत. पण जाँ यांनी नेमकी कुठली कसोटी लावली हे सांगणारं अधिकृत कारण तेव्हा प्रसिद्ध झालं नाही. जनतेला दिसलं ते बंद दार.

याउलट उदाहरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. मे २०१७ च्या निवडणुकीत ८७ जागांपैकी लिबरल ४३, एनडीपी ४१, ग्रीन ३. ग्रीनने एनडीपीशी लेखी करार केला. लिबरल मुख्यमंत्री क्रिस्टी क्लार्क यांनी सभागृहाला सामोरं जायचं ठरवलं, आणि २९ जूनला ४४ विरुद्ध ४२ मतांनी त्या हरल्या. (सभापती त्यांच्याच पक्षाचे होते आणि सभापती एरवी मत देत नाही; म्हणून ४२.) त्याच संध्याकाळी त्यांनी लेफ्टनंट गव्हर्नर ज्युडिथ गिशन यांच्याकडे नव्या निवडणुकीची मागणी केली. युक्तिवाद वरवर पोचट नव्हता: एनडीपीने आपला सभापती दिला तर सभागृह ४३–४३ वर अडकेल, प्रत्येक विधेयकावर सभापतीला निर्णायक मत द्यावं लागेल, असं सरकार चालणार कसं? गिशन यांनी ती मागणी नाकारली आणि एनडीपीचे नेते जॉन हॉर्गन यांना बोलावलं. कारण निवडणूक सात आठवड्यांपूर्वीची आणि लेखी बहुमत समोर. चालेल की नाही हे सभागृहाने ठरवायचं, त्याआधी मुखत्याराने भाकीत करायचं नाही. पुढे सप्टेंबरमध्ये लिबरल पक्षातूनच निवडून आलेले डॅरिल प्लेकस सभापती झाले, त्यांच्या पक्षाने त्यांना काढलं, आणि हॉर्गन यांचं सरकार २०२० मध्ये त्यांनी स्वतः निवडणूक लावेपर्यंत टिकलं.

इथवर वाचून वाटेल की शहाणा माणूस बसवला की झालं. तसं नाही. नेमणुकीतच गाठ आहे: ज्याचा निवाडा करायची वेळ येऊ शकते तोच निवाडा करणाऱ्याला नेमतो, आणि हवं तेव्हा काढायला लावू शकतो. या गाठीने काय होतं ते पाहायचं तर ऑस्ट्रेलियात जावं लागतं.

१९७५ च्या ऑक्टोबरपासून ऑस्ट्रेलियाच्या सेनेटने गॉफ व्हिटलम यांच्या सरकारची खर्च-विधेयकं अडवून धरली होती. गव्हर्नर जनरल सर जॉन कर हे व्हिटलम यांच्याच शिफारशीने नेमलेले. कर यांना भीती होती की आपण बडतर्फीचा इशारा दिला तर व्हिटलम आधी राणीला कळवून आपल्यालाच काढतील. म्हणून त्यांनी इशारा दिलाच नाही. ११ नोव्हेंबरला दुपारी व्हिटलम अर्ध्या सेनेटच्या निवडणुकीची शिफारस घेऊन आले, तेव्हा विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर त्याच इमारतीत दुसऱ्या खोलीत बसलेले होते. व्हिटलम यांच्या हातात बडतर्फीचं पत्र पडलं, फ्रेझर यांचा शपथविधी झाला. दोनच्या सुमारास सेनेटने खर्च मंजूर केला. व्हिटलम यांच्या मजूर पक्षाच्या सेनेटरांना आपलं सरकार गेल्याचा पत्ताच नव्हता. तासाभरात कनिष्ठ सभागृहाने फ्रेझर यांच्यावर ६४ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास दाखवला. ठराव घेऊन निघालेल्या सभापतींना कर यांनी पावणेपाचची वेळ दिली. बरोबर पावणेपाचला संसदेच्या पायऱ्यांवर त्यांच्या सचिवाने बरखास्तीची उद्घोषणा वाचली. आता सभापतींना भेटून करायचं तरी काय!

डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर प्रचंड बहुमताने जिंकले, म्हणून कर बरोबर होते असा एक सोपा बचाव आहे. मला तो पटत नाही. लोकांनी फ्रेझर यांना निवडलं म्हणजे दुपारी एक ते पावणेपाच या वेळातला लपंडाव योग्य ठरला असं होत नाही. राजवाड्याशी झालेला कर यांचा पत्रव्यवहार न्यायालयीन लढ्यानंतर जुलै २०२० मध्ये खुला झाला. राणीला आधी माहीत नसणंच बरं, असं ठरवून आपण न कळवता पाऊल उचललं, हे कर यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे राजा खरोखरच चित्रात नव्हता. होता तो असुरक्षित मुखत्यार, ज्याला स्वतःची खुर्ची वाचवायला दबा धरून बसावं लागलं. पाच वर्षांची पक्की मुदत असती आणि काढायला संसदेचा ठराव लागला असता, तर कर यांना उघडपणे 'अमुक तारखेपर्यंत खर्च मंजूर झाला नाही तर मला असं करावं लागेल' असं सांगता आलं असतं. इशारा मिळाल्यावर व्हिटलम यांना स्वतःच निवडणूक लावण्याची संधी राहिली असती.

दबा धरण्याच्या उलट टोकाला मान तुकवणं आहे, तेही ऑस्ट्रेलियातच झालं. २०२० आणि २०२१ मध्ये पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी आरोग्य, अर्थ, कोषागार, गृह आणि उद्योग-ऊर्जा अशा पाच खात्यांवर सध्याच्या मंत्र्यांच्या जोडीला स्वतःची गुपचूप नेमणूक करून घेतली. गव्हर्नर जनरल डेव्हिड हर्ली यांनी कागदावर सह्या केल्या. बहुतेक मंत्र्यांनाही माहीत नव्हतं की आपल्या खात्याला दुसरा मंत्री आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकरण फुटलं, तेव्हा सॉलिसिटर जनरलने मत दिलं की नेमणूक कायदेशीर होती, पण जबाबदार सरकारच्या तत्त्वाला सोडून होती. हर्ली यांनी सल्ला नाकारायला हवा होता असं मी म्हणणार नाही. पण 'हे राजपत्रात कधी येणार?' एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं. राजसत्तेच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की प्रमुखाला विचारण्याचा, धीर देण्याचा आणि सावध करण्याचा हक्क असतो. बंद खोलीत तो वापरला की नाही हे कळणार कसं? अखेर २०२३ मध्ये अशा नेमणुका प्रसिद्ध करणं कायद्याने सक्तीचं करावं लागलं.

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर या माणसाच्या हातात निर्णय ठेवताच कशाला? स्वीडनने हेच केलं. १९७५ पासून लागू झालेल्या घटनेत राजा आहे, राजवाडा आहे, पण पंतप्रधान ठरवण्यात राजाचा काडीचा संबंध नाही. सभापती नाव सुचवतो आणि ३४९ सदस्यांचं सभागृह मतदान करतं. १७५ किंवा जास्त मतं विरोधात पडली तर नाव फेटाळलं जातं, नाहीतर मंजूर. बहुमत बाजूने असायची गरज नाही, विरोधात नसलं की झालं. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी माग्डालेना अँडरसन यांच्या बाजूने ११७, विरोधात १७४ मतं पडली, ५७ तटस्थ राहिले. एका मताने त्या वाचल्या. त्याच दिवशी मित्रपक्ष बाहेर पडला म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि पाच दिवसांनी पुन्हा त्याच वाटेने निवडून आल्या. या सगळ्यात राजाकडे कोणी धावत गेलं नाही. सभापती दिसत होता, मतं मोजलेली होती, नियम लिहिलेला होता. नेदरलँड्सनेही २०१२ पासून सरकार जुळवण्याचं काम राणीकडून काढून सभागृहाकडे दिलं. वंशपरंपरेच्या राजालाही यात सुख आहे. बेल्जियमचे राजे बोदुएं यांना १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला मन होईना, तेव्हा सरकारला त्यांना दीड दिवस 'राज्य करण्यास असमर्थ' ठरवून कायदा काढावा लागला. सहीला अर्थ ठेवायचा आणि नकाराला ठेवायचा नाही, तर असल्या कसरती अटळ असतात.

न्यूझीलंडने तिसरी वाट घेतली: अधिकार गव्हर्नर जनरलकडेच, पण तो कसा वापरायचा हे मंत्रिमंडळाच्या नियमपुस्तिकेत लिहून सर्वांसाठी प्रसिद्ध केलेलं. पक्षांनी आपापसात बोलावं, कोणाला पाठिंबा ते जाहीरपणे सांगावं, गव्हर्नर जनरलने त्या जाहीर विधानांवरून पंतप्रधान नेमावा. २०१७ मध्ये १२० पैकी नॅशनलला ५६ आणि लेबरला ४६ जागा होत्या. न्यूझीलंड फर्स्टच्या ९ आणि ग्रीनच्या ८ जागा कुठे जाणार यावर सगळं अडलं होतं. न्यूझीलंड फर्स्टचे नेते विन्स्टन पीटर्स यांनी १९ ऑक्टोबरला दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर लेबरला पाठिंबा जाहीर केला, आठवड्याने लेबरच्या जसिंडा आर्डर्न यांचा शपथविधी झाला. सर्वांत मोठा पक्ष विरोधात बसला आणि तरी गव्हर्नर जनरलवर कोणी बोट ठेवलं नाही. ठेवायला जागाच नव्हती.

प्रजासत्ताकवाद्यांचा प्रश्न इथे येतो. राजाचं नाव काढलं तर? ऑस्ट्रेलियात ६ नोव्हेंबर १९९९ ला जनमत घेतलं, तेव्हा प्रस्ताव होता संसदेने दोन तृतीयांश मतांनी नेमलेल्या राष्ट्राध्यक्षाचा. पण त्याच प्रस्तावात पंतप्रधानाला एका चिठ्ठीने राष्ट्राध्यक्षाला तत्काळ काढण्याचा अधिकार होता. कनिष्ठ सभागृहाने तीस दिवसांत त्यावर शिक्कामोर्तब करायचं. म्हणजे नेमणूक सुधारली आणि १९७५ चं मूळ दुखणं, आधी कोण कोणाला काढतो ही शर्यत, तसंच ठेवलं. सुमारे ५५ टक्के मतदारांनी तो फेटाळला. त्यामागे इतर कारणं होती (लोकांना राष्ट्राध्यक्ष स्वतः निवडायचा होता), पण मसुद्यातली ही फट खरी होती. बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ ला प्रजासत्ताक होताना शेवटच्या गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन यांनाच पहिलं राष्ट्राध्यक्ष केलं. संक्रमण शांतपणे झालं. पण पाटी बदलताना कसोटी बदलत नाही, हेही त्यातून दिसतं.

पाटी बदलूनही जुनं दुखणं कसं राहतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपलंच आहे. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० भारतही याच राजाच्या छत्राखालचं डोमिनियन होता. राजा गेला, राज्यपाल राहिला. घटनेच्या १५६ व्या कलमात तो राष्ट्रपतींची 'मर्जी' असेपर्यंत पदावर राहतो. हा शब्द थेट राजदरबारातून आला आहे. नेमणूक राज्य करत नाही, केंद्र करतं, अगदी कॅनडातल्या लेफ्टनंट गव्हर्नरसारखी. तिथे ओटावाने प्रांतांच्या भानगडीत मुखत्याराला वापरणं सोडून दिलं. प्रांताचा कायदा केंद्राने रद्द करण्याचा प्रकार शेवटचा १९४३ चा. आपल्याकडे ती सवय सुटली नाही, सत्तेत कोणीही असो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नियुक्तीसाठी बारा नावं पाठवली. राज्यपालांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे कर्तव्य आहे. तरी नावं पडून राहिली आणि ते सरकारच गेलं. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मधला बहुमत चाचणीचा राज्यपालांचा आदेश समर्थनीय नव्हता असं म्हटलं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने घड्याळ मागे फिरवता येणार नाही असंही सांगितलं. निवाडा अकरा महिन्यांनी येतो, सरकार एका रात्रीत जातं. इथे राजा नाही. म्हणून दोष राजाचा नव्हता, हे समजतं.

कॅनडात तर राजा काढणं जवळपास अशक्यच आहे. १९८२ च्या घटना-कायद्याच्या ४१ व्या कलमाप्रमाणे राजा, गव्हर्नर जनरल किंवा लेफ्टनंट गव्हर्नर या पदांना हात लावायचा तर सेनेट, कॉमन्स आणि दहाही प्रांतांच्या विधानसभांचे ठराव हवेत. त्यात आदिवासी समाजांचे करार थेट राजसत्तेशी झालेले. १८७१ ते १९२१ मधल्या अकरा क्रमांकित करारांपैकी अनेकांखाली आजही माणशी पाच डॉलर दरवर्षी वाटले जातात. रक्कम हास्यास्पद आहे, पण करार कोणाशी झाला हा प्रश्न हास्यास्पद नाही. क्वेबेकने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या आमदारांसाठी राजनिष्ठेची शपथ ऐच्छिक केली. नागरिकत्वाची शपथ मात्र तशीच आहे. ब्रँप्टन किंवा मिसिसॉगामध्ये राहणारा मराठी माणूस नागरिक होताना 'कॅनडाचे राजे चार्ल्स तिसरे आणि त्यांचे वारस' यांच्याशी निष्ठेची शपथ घेतो, आणि पुष्कळांना ते टोचतं. १९४७ नंतर जन्मलेल्याने राजाला मुजरा का करावा? २०१४ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने उत्तर दिलं की इथे राजा म्हणजे व्यक्ती नव्हे, देशाची राज्यपद्धती. उत्तर कायद्याला धरून आहे. टोचणी त्याने जात नाही, पण माझ्या दृष्टीने ती वेगळी चर्चा आहे.

घटनेला हात न लावता करण्याजोगं बरंच आहे. हार्पर यांनी २०१२ मध्ये मुखत्यारांच्या नेमणुकीसाठी सल्लागार समिती नेमली होती. पुढच्या सरकारने ती बाजूला ठेवली, आणि २०१७ मध्ये नेमलेल्या गव्हर्नर जनरल ज्युली पेयेत यांना जानेवारी २०२१ मध्ये कार्यालयातल्या वागणुकीच्या चौकशीनंतर राजीनामा द्यावा लागला. नवी नेमणूक होईपर्यंत सहा महिने सरन्यायाधीश गव्हर्नर जनरलचं काम पाहत होते. अल्पमतातलं सरकार, करोनाची साथ, आणि उद्या बरखास्तीवर वाद झाला तर निर्णय सरन्यायाधीशाचा. मग तोच वाद न्यायालयात गेला तर ऐकणार कोण? म्हणून पहिली गोष्ट, समिती कायमची हवी आणि तिच्यात विरोधी पक्षाचं मत हवं. दुसरी, न्यूझीलंडसारखी लिखित पुस्तिका: निवडणुकीनंतर किती काळ बरखास्तीला नकार देणं रास्त, विश्वासाचं मतदान नोटिशीवर आलेलं असताना संस्थगिती द्यायची की नाही, दिली तर जास्तीत जास्त किती दिवसांची.

यावर नेहमीचा आक्षेप असा की कसोटी लिहिली की प्रत्येक निर्णय न्यायालयात जाईल. जाऊ दे की. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या अकराही न्यायाधीशांनी बोरिस जॉन्सन यांची पाच आठवड्यांची संस्थगिती बेकायदा ठरवली, आणि दुसऱ्या दिवशी संसद भरली. राणीची अब्रू त्याने गेली नाही. गेली असेल तर तिला तो सल्ला देणाऱ्याची. कॅनडातही २०२५ च्या जानेवारीत तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी मागितलेली संस्थगिती न्यायालयात आव्हानली गेली. न्यायालयाने याचिका फेटाळली, पण हा विषय आमच्या कक्षेबाहेरचा असं सरसकट म्हटलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. मुखत्याराने सल्ला नाकारला किंवा वादग्रस्त सल्ला स्वीकारला, तर कारणांची टिपणी सभागृहाच्या पुढच्या बैठकीत पटलावर यावी. मागणी काय होती, पर्यायी बहुमत लेखी होतं का, निवडणुकीला किती दिवस झाले होते, अटी घातल्या का. एक पान पुरतं. गिशन यांच्या २०१७ च्या निर्णयाची कारणं आकड्यांतूनच वाचता येतात, म्हणून तो निर्णय टिकला. ४ डिसेंबर २००८ च्या त्या दोन तासांचं पान अजून कोणी पटलावर ठेवलेलं नाही.